पांढरी चार, काळी चार, पांढरी चार, काळी पाच

न्यू जर्सी
१४ डिसेंबर

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "सॅक्सोफोन म्हणजे वरातीतला तो वाकडा भोंगा ना? त्यात बसून ऐकायचं काय?" मी उत्तर द्यायला लागले आणि नेमका फोन तुटला. परत लागला तेव्हा तो आईच्या हातात होता आणि विषय तिच्या गुडघ्यांवर गेला होता. म्हणून हे पत्र. फोनवर मी घाईत बोलते आणि तुम्ही निम्मं ऐकता, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे.

आधी पेटी उघडा. पांढरी चार, काळी चार, पुन्हा पांढरी चार, मग काळी पाच. पांढरी चारचा सा धरलात तर सा ग सा म, गंधार कोमल. तुम्ही म्हणाल, हा मालकंसाचा तुकडा झाला. मलाही तसंच वाटलं होतं. पण धैवत-निषादाची वाट बघत बसलात तर फसाल. राग वगैरे इथे काही नाही, हे चार स्वरच सगळं आहेत. जॉन कोल्ट्रेन नावाच्या सॅक्सोफोन वाजवणाऱ्याने त्यांच्यावर एक रेकॉर्ड उभी केली. तिचं नाव 'अ लव्ह सुप्रीम'. ९ डिसेंबर १९६४ ला, एका बैठकीत, आमच्या घरापासून लांब नसलेल्या इंगलवूड क्लिफ्समधल्या रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत ती मुद्रित झाली. हे व्हॅन गेल्डर पेशाने चष्म्यांचे डॉक्टर. डोळे तपासून मिळालेल्या पैशांतून मायक्रोफोन घ्यायचे आणि सुरुवातीला आईवडिलांच्या बैठकीच्या खोलीतच रेकॉर्डिंग करायचे. तुम्ही रेल्वेच्या पगारातून हप्त्याने घेतलेला रेकॉर्ड प्लेअर मला आठवला.

मी या रेकॉर्डपर्यंत कशी पोचले ते सांगते. आमच्या खालच्या मजल्यावर एक आजोबा राहतात, ऐंशीच्या घरातले. आयुष्यभर बस चालवली, आता निवृत्त. मी सकाळी फोनवर तानपुरा लावून बसते ते तुम्हाला माहीत आहे. एक दिवस त्यांनी दार वाजवलं. मला वाटलं, झाली तक्रार. तर म्हणाले, "तो एकच सूर धरून ठेवलेला असतो, ते काय आहे?" मी त्यांना आत बोलावून तानपुरा समजावला. ते डोळे मिटून बराच वेळ ऐकत बसले, आणि जाताना म्हणाले, "माझ्याकडे एक रेकॉर्ड आहे. डिसेंबरात ये."

डिसेंबरात ९ तारखेच्या जवळच्या रविवारी त्यांच्याकडे सहा-सात जण जमतात आणि ही रेकॉर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतात. एकूण ३३ मिनिटं. अब्दुल करीम खानसाहेबांच्या तबकडीची एक बाजू तीन मिनिटांत संपायची आणि तुम्ही चावी फिरवायला उठायचात. इथे मध्ये एकदाच उठायचं, बाजू उलटायला. त्या वेळीही कोणी बोलत नाही. आजोबांनी ही प्रत १९६५ मध्ये, रेकॉर्ड बाजारात आली त्याच वर्षी, न्यूअर्कमध्ये घेतली. तेव्हा ते वीस वर्षांचेही नव्हते. कव्हरच्या कडा झिजून कापसासारख्या झाल्या आहेत.

खरं सांगते, गेल्या वर्षी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला काही कळलं नाही. सुरुवातीला देवळातल्या तासावर पडावा तसा एक टोला पडतो, सॅक्सोफोन दोन-तीन वळणं घेऊन गप्प होतो, आणि मग जिमी गॅरिसनच्या बासवर ते चार स्वर सुरू होतात. हा बास माणसाहून उंच असतो, उभा धरून बोटांनी छेडतात. तेवढं आवडलं. पुढे एल्विन जोन्सचे ड्रम आणि मॅकॉय टायनरचा पियानो आला आणि मी हरवले. सम कुठे आहे ते शोधत राहिले. तुमची मुलगी, मांडीवर हात आपोआप ताल धरायला गेला आणि तिथेच अडकला. एल्विन जोन्स ठेका देतो, पण त्यात इतकं भरतो की पहिलं धा कुठलं ते कळेपर्यंत पुढचं आवर्तन निघून गेलेलं असतं. या वर्षी शोधणं सोडून दिलं. बासचे चार स्वर धरून बसले, तानपुरा धरावा तसे. मग बाकीचं आपोआप जागेवर बसलं.

या पहिल्या भागात कोल्ट्रेन ते चार स्वर बाराही पट्ट्यांतून फिरवतो. इथे तुम्ही नाक मुरडणार. सा सोडला की घर सोडलं, हे तुम्हीच शिकवलंत. पण ते भरकटल्यासारखं वाटत नाही. पालखी गल्लीतून निघाली की प्रत्येक दारापुढे टेकते ना, तसं काहीसं. आणि बाराही दारं झाली की तो वाद्य बाजूला ठेवून तेच चार स्वर तोंडाने म्हणू लागतो, "अ लव्ह सुप्रीम", अक्षराला एक स्वर. आवाज गवयाचा नाही, साधा, थोडा घोगरा. एकोणीस वेळा. शेवटी शेवटी सगळंच एक स्वर खाली उतरतं, पांढरी चारवरून काळी दोनवर. त्या जागी मला दर वेळी पोटात काहीतरी होतं. आमच्यात कॉलेजात जाणारा एक मुलगा आहे, तो बोटांवर मोजत होता. आजोबांनी नुसता त्याच्या बोटांवर हात ठेवला.

आणि दाद! बाबा, तुम्हाला वाटतं हे लोक मख्खासारखे बसून ऐकतात. तसे ऐकणारेही आहेत. इथल्या एका जॅझ क्लबात मी गेले होते, तिथे प्रत्येकाचं एकट्याचं वाजवणं संपलं की टाळ्या, तेवढंच. पण आजोबांकडे येणारे बहुतेक जण चर्चमध्ये वाढलेले. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये प्रवचन चालू असताना लोक बसल्या जागेवरून बोलतात. प्रवचनकाराला जागा सापडू लागली की ओरडतात, "टेक युअर टाइम!" म्हणजे सावकाश, घाई नको. ती दाद इथे रेकॉर्डला मिळते. माणूस जाऊन अर्धं शतक उलटलंय, आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या एक बाई त्याला सांगतात, सावकाश रे बाबा. आपल्या मिरजेच्या दर्ग्यात रात्री दोन वाजता विलंबित चालू असताना तुमच्या शेजारचे ते घड्याळवाले काका "हां, आरामसे" म्हणायचे, तेच हे. कोल्ट्रेनचे दोन्ही आजोबा धर्मोपदेशक होते. तो याच सुरांत वाढला.

दुसऱ्या भागाबद्दल फार लिहीत नाही, तो तुम्हाला लगेच आवडेल, त्याला नीट मुखडा आहे. तिसऱ्या भागाचं मात्र सांगते. तो ड्रमच्या एकल वादनाने सुरू होतो आणि मग सॅक्सोफोन जो सुटतो तो सुटतोच. त्याच ऑर्गनवाल्या बाई तिथे उठून स्वयंपाकघरात जातात. म्हणतात, इथे तो माझ्याशी बोलत नाही, स्वतःशी भांडतो. आजोबांना ते पटत नाही. त्यांच्या मते भांडणाशिवाय चौथा भाग मिळालाच नसता. या दोघांचा हा वाद कित्येक वर्षं चालू आहे म्हणे. मी तूर्त बाईंच्या बाजूची. कोल्ट्रेनच्या नंतरच्या काही रेकॉर्ड मी लावून बघितल्या, दहा मिनिटांत बंद केल्या. १९६५ नंतर त्याचे जुने चाहतेही त्याला सोडून गेले, त्यांना मी नावं ठेवणार नाही.

आता चौथा भाग. हे पत्र खरं तर त्यासाठीच आहे.

रेकॉर्डचं कव्हर पुस्तकासारखं उघडतं. आत कोल्ट्रेनने ऐकणाऱ्यांना लिहिलेलं एक पत्र आहे आणि एक लांब कविता. पत्रात तो लिहितो की १९५७ मध्ये देवाच्या कृपेने त्याला जाग आली. त्याच वर्षी दारू आणि हेरॉइनपायी माइल्स डेव्हिस या ट्रम्पेटवाल्याने त्याला आपल्या संचातून काढलं होतं. मग त्याने दोन्ही सोडलं. सात वर्षांनी, लाँग आयलंडवरच्या आपल्या घरी, वरच्या खोलीत काही दिवस स्वतःला कोंडून घेऊन तो हे सगळं मनात रचून खाली आला, असं त्याची बायको ॲलिस सांगायची. ती स्वतः पियानो आणि हार्प वाजवायची.

तिसरा भाग बासवर विरत गेला तशी आजोबांनी ती कविता मांडीवर उघडली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. पोथी वाचताना आजी ठेवायची तसं. सॅक्सोफोन सुरू झाला आणि बोट सरकू लागलं. मला क्षणभर कळेना हे काय चाललंय. मग कळलं. तो कविता वाजवत होता, बाबा. एक एक शब्द, अक्षराला स्वर. तालाचं आवर्तन नाही, खाली नुसता दुंदुभीसारखा घुमारा आणि वर वाद्य वाचतंय. जिथे जिथे "थँक यू गॉड" येतं, तिथे सूर उतरून पांढरी एकवर टेकतो, अभंगाचं ध्रुवपद यावं तसा. कव्हरवर त्याने स्वतःच सुचवून ठेवलं होतं, की शेवटचा भाग म्हणजे या शब्दांचं कथन आहे. लोकांनी वाचलं आणि पुढे गेले. जॅझचे अभ्यासक लुईस पोर्टर यांनी १९८० च्या दशकात स्वर आणि अक्षरं जुळवून दाखवली, तेव्हा कुठे हे पसरलं. आजोबा म्हणाले, "वीस वर्षं मी ही रेकॉर्ड ऐकत होतो. तो बोलतोय हे मला माहीत नव्हतं."

तुम्ही बासरीत, सतारीत गायकी अंग शोधता. सतार मिरजेत बनते म्हणून आपली, आणि हे पितळी वाद्य परकं. पण पितळी असलं तरी त्याच्या तोंडाशी एक बोरूची पत्ती असते, आणि सगळा आवाज त्या पत्तीतून निघतो. आपल्या सनईचं भावंडच म्हणा, सनईला दोन पत्त्या, याला एक. श्वास कमी झाला की शब्द तुटतो. चौथ्या भागात तो कुठे श्वास घेतो ते मला आता पाठ झालंय.

हे आजोबा भक्त असले तरी आंधळे नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये कोल्ट्रेनला संत मानणारं एक चर्च आहे, तिथे उपासनेत हीच रेकॉर्ड वाजवतात. ते ऐकून आजोबा हसतात, "बिचारा लाजला असता." मलाही ते जरा जास्तच वाटलं. मग आठवलं, की दरवर्षी उरुसाला देशभरातले गवई आपल्या दर्ग्यात हजेरी लावतात आणि आपण पहाटेपर्यंत बसतो. त्यामुळे गप्प बसले.

जाता जाता एक. सॅक्सोफोनवाल्यांचा आपल्याकडचा ओढा जुनाच आहे. कोल्ट्रेनच्या मुलाचं नाव रवी, रविशंकरांवरून ठेवलेलं, तोही सॅक्सोफोनच वाजवतो. आणि सनी रॉलिन्स म्हणून दुसरा मोठा वादक, तो साठच्या दशकाच्या अखेरीला आपल्या पवईला, स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात येऊन राहिला होता. न्यूयॉर्कमध्ये शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून तो नदीवरच्या पुलावर जाऊन रियाज करायचा, दिवसच्या दिवस. आईला हे वाचून दाखवा. तुम्ही पहाटे पेटी काढली की ती जे बोलायची, त्यावर हा उपाय होता.

कोल्ट्रेन १७ जुलै १९६७ ला यकृताच्या कॅन्सरने गेला. चाळीस वर्षांचा होता, आपल्या दादापेक्षा लहान.

त्या रविवारी सगळे गेल्यावर मी आजोबांना फोनवर खानसाहेबांची 'पिया बिन नाही आवत चैन' ऐकवली, छोट्या स्पीकरवर, खरखरीसकट. त्यांनी ती तीनदा लावायला सांगितली. तिसऱ्यांदा, खानसाहेब वरच्या षड्जाकडे हळूहळू निघाले तिथे, हे आजोबा डोळे न उघडता पुटपुटले, "टेक युअर टाइम." मी तुम्हाला तेव्हाच फोन लावणार होते, पण तिकडे पहाटेचे चार वाजले होते.

पेन ड्राइव्ह दादाच्या मित्राबरोबर पाठवते आहे, जानेवारीत पोचेल. मोबाइलवर ऐकू नका, कपाटावरचे मोठे स्पीकर पुसून घ्या. कवितेची झेरॉक्स सोबत आहे, मोठ्या अक्षरात काढली आहे. चौथ्या भागाला ती मांडीवर घ्या. तिसऱ्याला कंटाळलात तर चहा करायला उठा, त्याला इथेही मान्यता आहे. आईचा गुडघा दाखवून या आणि डॉक्टर काय म्हणाले ते तिला न विचारता तुम्ही मला कळवा, ती खरं सांगत नाही.

आणि हो, मी आले होते तेव्हा पेटीची काळी पाच दाबली की वर येत नव्हती. पेन ड्राइव्ह पोचायच्या आत तेवढी दुरुस्त करून घ्या.

तुमची,
बेबी