सोप्यातले अंथरूण

लीड्स,
१८ जानेवारी

तीर्थरूप दादा यांस,
साष्टांग नमस्कार.

परवा वहिनींची चौथी केमो पार पडल्याचे कळले. पांढऱ्या पेशी कमी असताना यंदा त्यांना गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत नेले नाहीत, हे बरे केलेत. पण बोलता बोलता तुम्ही सहज म्हणालात की ऑपरेशन झाल्यापासून त्यांची झोपमोड नको म्हणून तुमचे अंथरूण सोप्यात असते, आणि त्या एका वाक्यासाठीच हे पत्र लिहीत आहे. धाकट्याने थोरल्याला लिहावे असा हा विषय नव्हे. फोनवर तर तुम्ही "बरं, बरं" म्हणून मला मध्येच थांबवले असतेत. कागदावर ती सोय नाही.

हिचे ऑपरेशन झाले तेव्हा मीही असाच शेजारच्या खोलीत गेलो होतो आणि कारणही हेच सांगत होतो. खरे कारण असे होते की, स्तन काढलेल्या जागी झोपेत आपला हात लागेल या भीतीने मी अंग आखडून पडत असे, आणि त्यापेक्षा दूर जाणे सोपे वाटले. औषधांच्या वेळा, डबा, हॉस्पिटलच्या फेऱ्या सगळे चोख चालले होते, आणि सात महिने मी त्यालाच काळजी घेणे समजत होतो. ही मात्र कपडे बदलताना आतून कडी लावू लागली होती, कारण मला आता तिची किळस येते असे तिने मनाशी धरले होते. हे तिने मला नव्हे, इथल्या नर्सबाईंना सांगितले. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून, शेवटचे एकमेकांना जवळ कधी घेतलेत, असे सरळ विचारले. मी बुटांकडे पाहत राहिलो.

मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी संशोधक जोडीने १९७० च्या सुमारास मांडलेली एक पद्धत त्यांनी आम्हाला सांगितली. काही आठवडे संबंध ठेवायचाच नाही असे दोघांनी आधी ठरवायचे आणि फक्त स्पर्श करायचा, म्हणजे नुसता हात हातात घेतला तरी पुढे काय, या धास्तीने अंग आकसत नाही. मला हे पोरकट वाटले होते. काखेतल्या गाठी काढल्यामुळे हिच्या हाताला सूज येण्याचा धोका होता, म्हणून रोज रात्री तिच्या बोटांपासून खांद्यापर्यंत हलक्या हाताने क्रीम लावण्याचे काम मी घेतले. एके रात्री तिनेच माझा हात उचलून व्रणावर ठेवला. मधोमध तिला काहीच जाणवत नव्हते, कडेला जाणवत होते. ती कड नेमकी कुठे सुरू होते, हे आम्ही दोघांनी बोटाने चाचपून शोधले.

बाकीच्या गोष्टी ही वहिनींशी फोनवर बोलणार आहे, तरी दोन-तीन तुम्हाला ठाऊक असाव्यात. कॅन्सर स्पर्शाने किंवा शरीरसंबंधाने लागत नाही. कोणी आत्याबाई ताटवाटी वेगळी ठेवा म्हणाल्या, तरी ऐकू नका. केमोनंतर दोन-तीन दिवस औषधाचा अंश शरीरातील स्रावांत राहतो, तेव्हा निरोध वापरावा. आणि पाळी थांबल्यासारखी वाटली तरी दिवस राहू शकतात, म्हणून उपचार चालू असेपर्यंत ती काळजी घ्यावीच. पेशी फार उतरल्या असतील तर संबंध टाळावा. उपचारांमुळे आतून कोरडेपणा येऊन दुखते. त्यासाठी औषधाच्या दुकानात पाण्यात विरघळणारे जेल मिळते. हार्मोनचे मलम मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये. इच्छाच होत नसेल, तर तो थकवा आणि औषधे यांचा परिणाम असतो, तुमच्यावरचा राग नव्हे. हिला रात्रीपेक्षा सकाळी बरे वाटत असे, मग आमचा जवळ बसण्याचा वेळ सकाळच्या चहाचा झाला.

अंथरूण आत न्या, पण वहिनींना विचारून न्या. त्यांना कोणत्या कुशीवर झोपवते आणि हाताखाली छोटी उशी लागते का, तेही विचारा. आम्ही तुम्ही दिलेली सोलापुरी चादर काढली आहे, ती दोघांना पुरते.

पत्र वाचून फाडून टाकलेत तरी चालेल. वहिनींना वाचायला दिलेत तर अधिक आवडेल. आईच्या हाती मात्र लागू देऊ नका.

तुमचा धाकटा भाऊ