सुध्याला पत्र: कपाटातले पाय आणि प्लॅन नाइन

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी जळफळाट झाला. आयओटी लॅबचं अनुदान संपलं म्हणून रास्पबेरी पाय ३ चे बोर्ड, तळहाताएवढे ते कॉम्प्युटर, कपाटात धूळ खात पडतात काय, आणि एचओडी (विभागप्रमुख) आपणहून म्हणतात काय, 'सर, तुम्हीच बघा याचं काहीतरी'! असं नशीब आमच्या वाट्याला कधी आलं नाही. इथे एक स्विच मागवायचा तरी तीन सह्या लागतात.

तर सगळे बोर्ड जोडून 'सुपरकॉम्प्युटर' करायचा आणि त्यावर मुलांनी शून्यातून लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टिम चालवायची, असा तुझा बेत आहे. यातलं सुपरकॉम्प्युटरचं वेड पूर्ण सोडून दे आणि दुसरं अर्धं.

वेगाचं आधी सांगतो, कारण उद्घाटनाला कोणीतरी तेच विचारणार. पाय ३ मध्ये १.२ गिगाहर्ट्झचे चार कोअर आणि १ जीबी रॅम. नेटवर्क १०० मेगाबिटचं, म्हणजे सेकंदाला फार तर १२ एमबी. ऑफिसातला एक बरा डेस्कटॉप असल्या आठ बोर्डांना सहज मागे टाकेल. काम वाटून दिलं तरी नोड, म्हणजे जोडलेले बोर्ड, एकमेकांशी बोलण्यातच वेळ घालवतात. मुलांनी ते मोजून पाहावं, जर्नलमध्ये आलेख काढावा, प्रॅक्टिकल म्हणून उत्तम. पण वेगासाठी म्हणून हे करायला गेलास तर तोंडावर पडशील.

मग हे कशासाठी करायचं? २०१७ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेने ७५० पायांचा क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेला ताफा, दाखवला होता. १५० बोर्डांचा एक, असे पाच रॅक, सगळे मिळून ३००० कोअर. रॅक ऑस्ट्रेलियाच्या बिटस्कोपने बांधले होते. अण्वस्त्रांची गणितं करणाऱ्या लोकांना पायची काय गरज, असं तुला वाटेल. त्यांची अडचण अशी की हजारो नोडांवर चालणारं सिस्टिम सॉफ्टवेअर लिहायचं तर ते हजारो नोडांवरच तपासावं लागतं, आणि खरा सुपरकॉम्प्युटर कोणी मोडतोड करायला देत नाही. म्हणून वीज कमी खाणारा आणि बिनधास्त बंद पाडता येईल असा हा स्वस्त क्लस्टर. तुझ्या लॅबलाही हेच लागू आहे. क्लस्टर कसा बिघडतो हे मुलांना स्वतःच्या हाताने बघता यावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

(मुलांना सी-डॅक या आपल्या सरकारी संस्थेच्या सुपरकॉम्प्युटरचंही सांग. १९९१ चा परम ८००० हा एका अवाढव्य प्रोसेसरवर उभा नव्हता. ट्रान्सप्यूटर नावाच्या लहान चिपा एकमेकींना जोडून तो पुण्यात बांधला होता. प्रत्येक ट्रान्सप्यूटरला शेजाऱ्यांशी बोलायला चार लिंका. 'लहान जोडून मोठं' ही कल्पना यूट्यूबवरून आलेली नाही.)

आता ऑपरेटिंग सिस्टिम. शून्यातून कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, लिहिण्याची नशा काय असते ते मला ठाऊक आहे. पायवर ती चढतेही लवकर. बोर्ड चालू झाला की आधी जागी होते ती ग्राफिक्स चिप. ती मेमरी कार्डावरून आपलं फर्मवेअर उचलते, कॉन्फिग फाइल वाचते, तुझा कर्नल मेमरीत ठेवते आणि मग कुठे एआरएमचे कोअर कामाला लागतात. चारातला एक तू घ्यायचास आणि बाकीचे तीन फिरत ठेवायचेस, पुढे लागले की उठवायचे. सिरियल पोर्टच्या रजिस्टरमध्ये एकेक अक्षर टाकलं की लॅपटॉपवर 'हॅलो' उमटतं. हुशार पोरगं हे एका संध्याकाळीत करतं आणि मग त्याला वाटतं, आता काय, नेटवर्क जोडलं की झाला क्लस्टर.

तिथेच मेख आहे. पाय ३ वर इथरनेटची चिप थेट प्रोसेसरला जोडलेली नाही, ती यूएसबीच्या मागे बसलेली आहे. म्हणजे एक पॅकेट पाठवायचं तर आधी यूएसबीचा सगळा स्टॅक, म्हणजे ते चालवणारं थरावर थर सॉफ्टवेअर, लिहायचा. आणि पायमधला तो यूएसबी कंट्रोलर इतका किचकट आहे की त्यात भल्याभल्यांचे महिने गेलेत. सेमिस्टर संपेल, व्हायवा होईल, आणि बोर्ड अजून एकमेकांशी बोललेले नसतील. पाय ४ मध्ये इथरनेट थेट चिपमध्ये आहे, तिथे हा मार्ग पुष्कळ सोपा आहे. पण तुझ्या कपाटात आहेत ते पाय ३.

म्हणून माझं ऐक. तयार पण लहान, मुलांना महिनाभरात वाचून समजेल अशी सिस्टिम घे आणि तिचा कर्नल बदलायला लाव. प्लॅन नाइन नावाची घे. बेल लॅब्जमध्ये युनिक्स करणाऱ्याच लोकांनी, केन थॉम्प्सन, रॉब पाइक वगैरे मंडळींनी, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती सुरू केली. पायवर ती रिचर्ड मिलर यांनी आणली. २०२१ मध्ये बेल लॅब्जची आताची मालक नोकिया हिने तिचे हक्क प्लॅन नाइन फाउंडेशनकडे दिले आणि ती एमआयटी लायसन्सखाली आली, त्यामुळे कॉलेजला कागदपत्रांची भानगड नाही. कर्नल पायवरच कंपाइल होतो, तोही चहा पिऊन होईपर्यंत. कर्नलमध्ये कुठले ड्रायव्हर हवेत त्यांची यादी एका साध्या फाइलीत असते. ओळ खोड, ओळ घाल, 'एमके' ही बांधणीची कमांड मार, झाला तुझा स्वतःचा कर्नल. आणि तो यूएसबी इथरनेटचा ड्रायव्हर? तो कर्नलच्या बाहेर, साध्या प्रोग्रामसारखा चालतो. बिघडला तरी मुलं तो उघडून बघू शकतात.

मला ती आवडते त्याचं खरं कारण मात्र वेगळं आहे. ही सिस्टिम मुळात एका यंत्रासाठी केलेलीच नाही. फाइल सर्व्हर एकीकडे, सीपीयू सर्व्हर दुसरीकडे, तुझ्या टेबलावर नुसता टर्मिनल, आणि या सगळ्यांना जोडणारा एकच प्रोटोकॉल, म्हणजे बोलण्याची ठरलेली रीत, नाइन-पी. स्क्रीन, नेटवर्क, चालू प्रोसेस, सगळं फाइल म्हणून दिसतं, आणि फाइल म्हटली की ती दुसऱ्या यंत्रावरून मागवता येते. एक प्रयोग सांगतो, पहिल्याच तासाला करून दाखव. तिसऱ्या बोर्डाच्या १७ नंबरच्या पिनला एलईडी लाव. तू पहिल्या बोर्डावर बस आणि 'इम्पोर्ट' करून तिसऱ्याचं जीपीआयओ डिव्हाइस, म्हणजे पिना चालवणारी फाइल, आपल्याकडे ओढून घे. त्या फाइलीत 'फंक्शन १७ आउट' एको कमांडने लिही, मग 'सेट १७ १'. टेबलाच्या त्या टोकाला दिवा लागतो. ना लायब्ररी, ना सॉकेट, ना एपीआय. मग तसंच त्याचं 'प्रॉक', म्हणजे चालू प्रोसेसची डिरेक्टरी, मागव. तिथल्या प्रत्येक प्रोसेसची एक डिरेक्टरी तुला दिसेल. तिच्यातल्या कंट्रोल फाइलीत 'किल' लिहिलंस की दुसऱ्या यंत्रावरची ती प्रोसेस मरते. पाठची बाकंसुद्धा त्या क्षणी मोबाइल खाली ठेवतील, पैज लाव.

इथे गफलत नको म्हणून सांगतो. एक प्रोग्राम आपोआप चार बोर्डांवर पसरेल असं हे प्रकरण नाही. कुठलं काम कुठे चालवायचं ते तू ठरवायचंस. वायफायवर चालवायच्या फंदात तर पडूच नकोस. नाइन-पीमध्ये विचारणा जाते, उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं, मग पुढची विचारणा. नेटवर्कला उशीर असेल तर सगळंच रखडतं. लॅनच्या केबली टाक.

तुझ्याकडच्या लोडशेडिंगवरही यात उतारा आहे. डिस्क एकाच यंत्राला द्यायची, शक्यतो खऱ्या हार्ड डिस्कची, आणि इन्व्हर्टरही तेवढ्यालाच. बाकीच्या बोर्डांच्या कार्डावर फक्त फर्मवेअर आणि कर्नल. कमांड-लाइनच्या फाइलीत 'लोकल'च्या जागी 'टीसीपी' लिहायचं आणि फाइल सर्व्हरचा पत्ता द्यायचा, की बोर्ड आपलं सगळं तिकडून घेतो. एरवी वीज गेली की मेमरी कार्डावरची फाइल सिस्टिम खराब होते आणि दुसऱ्या दिवशी कार्ड भरत बसावं लागतं. इथे कार्डावर लिहिलंच जात नाही. वीज आली की बोर्ड उठतात आणि कामाला लागतात. पाय ३ ला बॅटरीवरचं घड्याळ नाही, तेवढी वेळ त्यांना नेटवर्कवरून दे. नाहीतर फाइलींच्या तारखा चुकतात आणि 'एमके'ला कळेनासं होतं की नवं काय नि जुनं काय.

एक गंमत मुलांसाठी. आज आपण ज्या यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं आकड्यांत साठवायच्या पद्धतीत) मराठी लिहितो ते थॉम्प्सन आणि पाइक यांनी १९९२ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, जेवता जेवता टेबलावरच्या कागदावर आखलं, आणि पहिल्यांदा वापरलं ते प्लॅन नाइनमध्येच. त्यामुळे फाइलीला देवनागरी नाव खुशाल दे. सेन्सरची फाइल 'तापमान' म्हणून ठेवलीस आणि देवनागरी फॉन्ट बसवलास, तर दुसऱ्या बोर्डावर ती व्यवस्थित दिसते. पण 'स्थिती' म्हणून ठेव आणि बघ. सिस्टिम अक्षरं आली त्या क्रमाने एकापुढे एक ठेवते, जोडाक्षर कशाशी खातात ते तिला माहीत नाही. पहिली वेलांटी अख्ख्या 'स्थ'च्या आधी यायच्याऐवजी थच्या नंतर येते आणि सचा पाय मोडलेलाच राहतो. हे दुरुस्त करणं हा बीईच्या प्रोजेक्टला फर्मास विषय आहे, आणि आपल्याकडच्या मुलांनी नाही केला तर करणार कोण?

बाकी फुटकळ. तपकीर गल्लीतून यूएसबी ते सिरियलचे कन्व्हर्टर मी आणून ठेवतो. त्यावरचा जंपर ३.३ व्होल्टवरच असू दे, ५ व्होल्ट पिनला गेले तर बोर्ड गेला. एकाचं टीएक्स (पाठवायची पिन) दुसऱ्याच्या आरएक्सला (घ्यायची पिन), आणि ग्राउंड विसरू नकोस. मोबाइलचे जुने चार्जर आणि बारीक वायरी वापरू देऊ नकोस. वायरीत व्होल्टेज पडतं, ४.६३ च्या खाली गेलं की बोर्डावरचा लाल दिवा विझतो, आणि पोरं मग कर्नलमध्ये बग शोधत बसतात. ५.१ व्होल्ट, २.५ अँपिअरचेच चार्जर घे. एचओडींना तेवढा खर्च तरी पटव.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिकडे येईन म्हणतो. त्याआधी निदान दोन बोर्ड आणि फाइल सर्व्हर उभा करून ठेव, म्हणजे आल्या आल्या बसता येईल. कपाटात बोर्ड नेमके किती आणि त्यातले सुधारित 'बी प्लस' किती, ते मोजून कळव, त्यावर स्विच कुठला घ्यायचा ते ठरेल. वहिनींना नमस्कार. काकूंचे गुडघे आता कसे आहेत?

तुझाच,
बंडू