होड्या किनाऱ्यावर असतात तेव्हाच तपासा : बंदरे मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्री, बंदरे विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, स.न.वि.वि.

मी देवबागची. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथल्या चिंचोळ्या पट्टीवर आमचं गाव आहे. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला दर्या. वडील तांडेल, म्हणजे होडी चालवणारे, भाऊ त्यांच्याच होडीवर वाढला आणि घरातले कागद मी बघते. भावाला पर्यटकांना भाड्याने घेऊन जाणारी होडी काढायची आहे, रीतसर परवान्याची. पाच-सहा माणसं घेऊन सकाळी डॉल्फिन दाखवायचे, कुणाला हौस असेल तर गळाने मासे धरायला न्यायचं, वारा बरा असेल तर निवतीपर्यंत जाऊन यायचं. किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांतल्या मुलांच्या मनात आज हेच आहे, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मागणी आधीच सांगते. पर्यटक होड्यांची तपासणी आणि परवान्याचा निर्णय पावसाळ्याच्या बंद काळात, बंदराबंदरावर येऊन करा. १ सप्टेंबरला ज्याचा त्याचा कागद ज्याच्या त्याच्या हातात असू द्या. कागद म्हणजे मंजुरी किंवा नकार, दोन्ही चालेल. नकार असेल तर कारण लिहून द्या.

तारखेवर एवढा जोर का, ते सांगते. दरवर्षी २६ मे ते ३१ ऑगस्ट प्रवासी होड्या आणि जलक्रीडा बंद असतात. ते योग्यच आहे, त्या दिवसांत खाडीच्या मुखाशी उसळणारं पाणी ज्याने पाहिलंय तो याबद्दल तक्रार करणार नाही. उरतात नऊ महिने. त्यातही खरी कमाई होते ती दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नवं वर्ष आणि एप्रिल-मे यांत. सप्टेंबरात दिलेल्या अर्जावर जानेवारीत परवाना आला तर दोन हंगाम हातचे गेलेले असतात आणि तिसऱ्याला सुरुवात होईपर्यंत पुन्हा बंदी तोंडावर येते. बँकेचा हप्ता मात्र बाराही महिने चालू असतो. ज्याच्याकडे आधीच चार होड्या आहेत त्याला ही वाट बघणं परवडतं. पहिलीच होडी घेणाऱ्याला परवडत नाही. मग तो मासेमारीच्या होडीवर पर्यटक बसवतो किंवा होडी विकून गोव्यात दुसऱ्याच्या बोटीवर नोकरी धरतो.

आता पावसाळ्यात काय असतं ते बघा. होड्या ओढून माडांखाली घेतलेल्या असतात, वर झापं घातलेली असतात. तळ उघडा असतो. फायबरला गेलेला तडा, मशीन बसतं तिथली झीज, आधीची कच्ची दुरुस्ती, सगळं डोळ्यांना दिसतं, हात लावून बघता येतं. हीच होडी ऐन हंगामात धक्क्याला तरंगत असताना तपासली तर निम्मी होडी पाण्याखाली असते. जून-जुलैत सर्व्हेअर गावात आले, दोष सांगितले, तर दुरुस्तीला महिना-दीड महिना मिळतो आणि त्या वेळी कारागीरही मोकळे असतात. मशीन चालवून बघायची, वजन भरून होडी कशी झुकते ते बघायची चाचणी नारळी पौर्णिमेनंतर खाडीत घेता येईल. यासाठी नवा कायदा लागत नाही. लागतं ते सर्व्हेअरच्या फिरतीचं वेळापत्रक, आणि ते आपल्या सहीने निघू शकतं.

दुसरी अडचण पैशाची. आम्ही ज्या बँकेत गेलो तिथे सांगितलं, आधी परवाना आणा, मग कर्ज. परवान्याला आधी होडी हवी, कारण तपासायचं ते होडीलाच. होडीला कर्ज हवं. या चक्रातून घरचं सोनं गहाण टाकल्याशिवाय सुटका नाही. आराखडा, आसनसंख्या, चालवणाऱ्याची पात्रता आणि कुठल्या पाण्यात होडी फिरणार एवढं बघून खात्याने तत्त्वतः मंजुरीचं पत्र दिलं, तर बँकेला हातात धरायला काहीतरी मिळेल. होडी आराखड्याप्रमाणे बांधली नाही तर अंतिम परवाना नाकारावा, त्यात कुणाचं दुमत नसेल.

आराखड्याचंही एक आहे. इथल्या फायबरच्या होड्या साच्यावरून निघतात. एका साच्यातून अनेक होड्या निघतात, सगळ्या सारख्या, आणि त्यातल्या एकीचंही चित्र कधी कागदावर आलेलं नसतं. प्रत्येक मालकाने वेगळा नौका-आराखडाकार गाठायचा, त्याची फी भरायची, ही अपेक्षा मोठ्या लाँचला ठीक आहे. किनाऱ्यावर चालणाऱ्या नेहमीच्या साच्यांची खात्यानेच एकदा मोजमापं घेऊन स्थिरता तपासून घ्यावी. कोचीच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात जहाजबांधणीचा विभाग आहे, त्यांच्याकडून हे काम करून घेता येईल. साचा मंजूर झाला की त्यातून निघालेल्या होडीची फक्त बांधणी तपासायची. जो साचा नापास होईल तो बंद करा. तेही आम्हाला हवंच आहे, कारण काही होड्या दिसायला देखण्या असल्या तरी वर छप्पर आणि माणसं चढली की डोलायला लागतात.

चालवणाऱ्याच्या प्रमाणपत्राबद्दल मनापासून बोलायचं आहे. माझे वडील मतलई वाऱ्यावर पहाटे बाहेर पडायचे आणि खडक कुठे आहे हे त्यांना लाटेच्या फुटण्यावरून कळतं. पण समुद्रात काढलेल्या वर्षांचा पुरावा मागितला तर कागदावर काही नाही. वास्तविक पुरावा सरकारकडेच आहे. २६/११ नंतर मच्छीमारांना ओळखपत्रं मिळाली. कितीतरी बंदरांवर होड्यांच्या जाण्यायेण्याची नोंद होते, मच्छीमार सोसायटीकडे डिझेलच्या वाटपाच्या वह्या असतात. या नोंदी सागरी अनुभव म्हणून धरा. त्यावर प्रथमोपचार, आग विझवणं, बुडणाऱ्याला बाहेर काढणं, वायरलेसवर मदत मागणं यांचं प्रशिक्षण सक्तीचं करा. तारकर्लीत पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, गोव्यात केंद्राची जलक्रीडा संस्था आहे. पावसाळ्यात तिथे मच्छीमार मुलांची तुकडी बसवता येईल. आणि परीक्षा मराठीत, होडीवर घ्या. वडिलांचं म्हणणं एवढंच असतं, “परीक्षा घेवा, पण दर्यात घेवा.”

अमेरिकेत तटरक्षक दल सहापर्यंत उतारू नेणाऱ्या भाड्याच्या होडीसाठी वेगळा परवाना देतं. चालवणाऱ्याचा ३६० दिवसांचा पाण्यावरचा अनुभव लागतो, त्यातले ९० दिवस अलीकडच्या तीन वर्षांतले. स्वतःच्या होडीवरचे दिवसही धरतात. वैद्यकीय तपासणी आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आहेच. उतारू सहाच्या वर गेले की होडीचीसुद्धा सविस्तर तपासणी आणि वेगळं प्रमाणपत्र लागतं. ही विभागणी मला पटते. होडी न तपासण्याची सवलत मात्र आपल्याकडे नको. सहा माणसांची होडीही तपासाच, पण तिला साठ माणसांच्या लाँचचे कागद मागू नका.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. खाडीतली होडी आणि समुद्रातली होडी कायद्याला वेगळी आहे. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली, म्हणजे नद्या-खाड्यांतल्या होड्यांच्या कायद्याखाली, पाण्याचे तीन विभाग लाटेच्या उंचीवरून ठरतात : ०.६ मीटर, १.२ मीटर आणि २ मीटरपर्यंत. खाडीतल्या होडीने कुठपर्यंत जायचं ही रेषा पर्यटकाला माहीत नसते. तो संगमावर येतो, समोर त्सुनामी बेट बघतो आणि म्हणतो, डॉल्फिन पुढे दिसतात ना, चला. होडीवाला नाही म्हणाला तर तो शेजारच्या होडीत जाऊन बसतो. ही हद्द प्रत्येक खाडीसाठी इथल्या खुणांनी जाहीर करा, अमुक खडक, तमुक टेकडी असं सांगून, आणि तिचा फलक धक्क्यावर लावा. म्हणजे नाही म्हणणाऱ्या होडीवाल्याच्या पाठीशी सरकार उभं आहे हे पर्यटकालाही दिसेल.

सोपी वाट मागते म्हणजे सुरक्षेत ढिलाई मागते, असं कुणी समजू नये. २४ मे २०२२ ला तारकर्लीत स्कूबा करून परतणारी २० पर्यटकांची होडी किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघांचा जीव गेला. बंदी लागायला दोन दिवस होते. समुद्र त्याआधीच खवळायला लागतो हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. हैदराबादची इन्कॉइस संस्था रोज लाटांचा अंदाज देते. त्यावरून बंदर निरीक्षकाला तारखेआधीही सफरी थांबवायचा अधिकार असावा आणि त्याने तो वापरावा. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, १५ माणसं गेली. धडक देणारी बोट दुसऱ्याची होती, पण नीलकमलची क्षमता ८४ प्रवाशांची असताना बोटीवर शंभराच्या वर माणसं होती, आणि वाचलेल्यांनी लाईफ जॅकेट अंगावर नसल्याचं सांगितलं. आसनसंख्या होडीच्या दोन्ही बाजूंना हातभर मोठ्या मराठी आकड्यांत रंगवणं सक्तीचं करा, लांबून कुणालाही वाचता येईल अशी. सगळ्यांच्या लाईफ जॅकेटचं बक्कल लावल्याशिवाय दोर सोडायचा नाही. जास्त माणसं भरणाऱ्याचा परवाना त्या हंगामापुरता काढून घ्या, मग तो कुणाचाही नातेवाईक असो. रीतसर चालणाऱ्याला याचा त्रास होत नाही. त्याला त्रास होतो तो शेजारी बिनपरवाना होडी निम्म्या भाड्यात सुटते तेव्हा.

सिंधुदुर्गाला १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित केलं. चिपीला २०२१ मध्ये विमानतळ सुरू झाला. निवती रॉकजवळ नौदलाची निवृत्त गुलदार युद्धनौका समुद्रतळाशी नेऊन तिथे पाण्याखालचं संग्रहालय करायची योजना आहे, तिचं मला खरंच कौतुक आहे. ते बघायला येणारी माणसं कुणाच्या होडीतून जाणार? परवाने भांडवलवाल्यालाच वेळेत मिळत राहिले तर बाहेरच्या कंपनीच्या बोटी येतील आणि इथली मुलं त्यांच्यावर खलाशी म्हणून राहतील. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बायकांनी स्वतः वल्ही हातात घेऊन कांदळवन सफारी उभी केली, पर्यटक आवर्जून तिथे जातात. स्थानिक हातांना संधी मिळाली तर काय होतं ते तिथे जाऊन बघण्यासारखं आहे.

महोदय, किनारपट्टीच्या सगळ्या तालुक्यांत हे एकदम जमणार नसेल तर पहिल्या वर्षी मालवण आणि वेंगुर्ला हे दोनच तालुके घ्या. येत्या १५ जूनच्या आधी तपासणी शिबिरांच्या तारखा ग्रामपंचायतींच्या आणि मच्छीमार सोसायट्यांच्या फलकावर लागाव्यात. देवबागच्या शिबिराला जागा, वीज आणि सर्व्हेअरच्या जेवणाची सोय गाव करेल, तसं ग्रामसभेत मांडायला मी तयार आहे.

कळावे,

आपली नम्र,
देवबागच्या एका तांडेलाची मुलगी
(ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग)