तक्रार: सॅम्पल एकाचं, काम भलत्याचंच, रिफंड हवाय

प्रति, ग्राहक सेवा विभाग

नमस्कार,

मी तुमच्याकडून 'संपूर्ण कादंबरी संपादन' हे पॅकेज घेतलं होतं. ८० हजार शब्द, शब्दाला ६० पैसे म्हणजे ४८,००० आणि वर १८ टक्के जीएसटी धरून ५६,६४० रुपये, सगळे आधीच भरलेत. ऑर्डर नंबर ईमेलच्या विषयात टाकलाय. चॅटवर बोलून झालं, तिथे दर वेळी नवीन माणूस येतो आणि मला पहिल्यापासून रामायण सांगावं लागतं, म्हणून आता लेखी.

सुरुवात तुमच्या फ्री सॅम्पलपासून करते कारण खरा घोळ तिथेच आहे. पहिल्या काही पानांचं सॅम्पल ज्यांनी केलं ते जे कोणी असतील (नाव तुम्ही सांगतच नाही) ते एक नंबर होते. माझी कादंबरी यवतमाळ जिल्ह्यातल्या कापसाच्या गावात घडते, २०१७ चं बोंडअळीचं साल, आणि त्यात एक सालदार (वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी) पोळा झाल्या झाल्या काम सोडून निघून जातो. त्यावर समासात कमेंट होती, 'साल पाडव्याला बदलतं ना, मग हा मधेच कसा सुटला? उचल घेतलेली असेल तर मालक सोडेल का?' बास. उत्तर पुढच्या प्रकरणात आहेच, पण वाचक इथे अडखळणार हे ज्याला दिसतं आणि उचल (मालकाकडून आगाऊ घेतलेले पैसे) म्हणजे काय हे ज्याला माहितीये त्याच्याकडे फाइल द्यायला मला दुसरं काही बघायचं नव्हतं, त्या एका कमेंटवर मी पैसे भरले.

परत आलेली फाइल त्या माणसाची नाहीच. पैजेवर सांगते.

सगळे संवाद प्रमाण मराठीत करून टाकलेत. 'मले काहून इचारून रायला तू' चं झालंय 'तू मला का विचारत आहेस'. शाळेचं तोंड न पाहिलेली म्हातारी आता 'मला याची काहीच कल्पना नव्हती' असं दूरदर्शनच्या बातम्या दिल्यासारखं बोलते. धुऱ्यावरून दोन भावांचं भांडण होतं (धुरा म्हणजे वावराची हद्द, आमच्याकडे निम्म्या कोर्टकेसेस त्याच्यावरच असतात), ते आता 'धुरावरून' होतं, म्हणजे वाचकाला वाटणार कोणी चूल पेटवली म्हणून हाणामारी झाली. कापूस वेचायला लागायच्या आधी वावरात सीतादही (वेचणीआधीची पूजा) करतात, त्याचं 'साधे दही' केलंय. आणि राळेगावचं राळेगण! माझा हिरो कापूस विकायला आता यवतमाळमधून डायरेक्ट नगर जिल्ह्यात जातो. हे माणसाने केलंय यावर माझा विश्वास बसत नाही, कुठल्यातरी सॉफ्टवेअरमधून फाइल फिरवून काढलीये आणि कोणी वाचून पण बघितलेली नाही.

तुमच्या प्रतिनिधीचं म्हणणं काय तर 'आमचे एडिटर शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे काम करतात'. अहो मग नियम तरी वाचा. साहित्य महामंडळाचे जे १८ नियम आहेत, १९६२ चे १४ आणि १९७२ ला जोडलेले ४, त्यातच सांगितलंय की पात्राच्या तोंडी बोलीभाषा असेल तर ती त्याच्या उच्चाराप्रमाणे लिहावी. निवेदनात माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या कितीही चुका काढा, त्यासाठीच पैसे दिलेत. आणि गंमत म्हणजे तिथल्या बऱ्याच चुका तशाच्या तशा आहेत.

बरं हे मला कळलं कसं, तर माझं मीच शोधून. फाइल क्लीन पाठवली, ट्रॅक चेंजेस नाहीत, कमेंट्स नाहीत, काय बदललं काही पत्ता नाही. मी वर्डमध्ये जुनी-नवी फाइल कंपेअर केली तर पानंच्या पानं लाल. लेखकाला बदल दाखवायचे, त्याने हो-नाही म्हणायचं, ही साधी पद्धत आहे आणि तुमच्या पॅकेजच्या माहितीत 'प्रत्येक बदल तुमच्या मंजुरीने' असं लिहिलेलंच आहे, स्क्रीनशॉट जोडलाय.

स्ट्रक्चरल रिपोर्ट, म्हणजे कादंबरीच्या बांधणीवरचा अभिप्राय, दोन पानी. 'पात्रांना अधिक खोली हवी', 'मध्यभाग संथ', 'शेवट प्रभावी'. माझ्या एकाही पात्राचं नाव त्यात नाही, हाच रिपोर्ट कुठल्याही कादंबरीला लावा, चालेल. मी फॉर्ममध्ये स्पष्ट विचारलं होतं की मधली प्रकरणं फवारणीत विषबाधा झालेल्या मजुराच्या बायकोच्या तोंडून आहेत, ती तशीच ठेवू की निवेदकाकडे देऊ. त्याचं उत्तर शून्य.

यावर मी फक्त एवढंच म्हटलं की एडिटरशी दहा मिनिटं बोलू द्या. तर म्हणे पॉलिसीत बसत नाही. कळतं मला, आमची डायरेक्ट ओळख झाली तर पुढचं काम तुमच्या हातून जाईल आणि कमिशन बुडेल ही भीती आहे. मग कॉल तुमच्या सिस्टिममधून लावा, रेकॉर्ड करा, माझी ना नाही. पण न बोलता कादंबरीचं संपादन होत नाही हो. 'सत्यकथा'चे संपादक श्री. पु. भागवत, राम पटवर्धन यांच्यासारखी माणसं लेखकांशी पत्रांतून आणि समोर बसून बोलून काम करून घ्यायची, तेवढी अपेक्षा मी ६० पैशांत करत नाहीये, एक फोन मागतेय.

आणि 'संपादन हे सब्जेक्टिव्ह असतं' हे आता ऐकवू नका. राळेगावचं राळेगण यात काय सब्जेक्टिव्ह आहे?

तर मला हवंय ते असं. एकतर ज्यांनी सॅम्पल केलं त्यांच्याकडूनच माझ्या मूळ फाइलवर, ट्रॅक चेंजेस चालू ठेवून, परत काम करून द्या, जादा पैसे न घेता. ते आता तुमच्याकडे नसतील तर तसं सरळ सांगा आणि ५६,६४० परत करा, क्रेडिट पॉइंट नकोत, ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात. 'एक फ्री रिव्हिजन' ची ऑफर मला नको, त्याच हातात परत फाइल द्यायची माझी तयारी नाही. दोन्हीपैकी काहीही झालं तरी माझी फाइल कोणाकोणाकडे गेली, कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली आणि ती तिथून डिलीट केली का हे लेखी द्या. कादंबरी अजून छापलेली नाही, कॉपीराइट माझा आहे आणि मी ती कोणाला वापरायला दिलेली नाही.

१५ दिवस वाट बघते. मग १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार, आणि तिथे नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे मी राहते तिथेच केस टाकता येते, तुमच्या शहरात हेलपाटे घालायची गरज नाही, हे आधीच सांगून ठेवते.

सोबत मूळ फाइल, तुमची फाइल, सॅम्पल, पावती आणि चॅटचे स्क्रीनशॉट आहेत. उत्तर ईमेलवरच द्या, आणि कृपा करून ऑटो रिप्लाय नको.

कळावे,
तुमची एक ग्राहक, यवतमाळ