‘ड्रग झार’ म्हणजे तस्कर नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परदेशी बातम्या मराठीत येतात तेव्हा मोगल, टायकून, बॅरन, झार या सगळ्यांची वासलात ‘सम्राट’ या एकाच शब्दाने लावली जाते. ‘मीडिया मोगल’चा माध्यमसम्राट झाला तर फारसे बिघडत नाही. पण ‘ड्रग झार’चा ‘अमली पदार्थांचा सम्राट’ केला, की तस्करी रोखण्यासाठी नेमलेला माणूसच तस्कर ठरतो.

तस्करांच्या म्होरक्याला इंग्रजीत ‘ड्रग बॅरन’ किंवा ‘ड्रग लॉर्ड’ म्हणतात. ‘ड्रग झार’ हा सरकारी अधिकारी. अमेरिकेत १९८८ च्या कायद्याने अमली पदार्थ नियंत्रण धोरणाचे कार्यालय स्थापन झाले. त्याच्या संचालकाला पत्रकार ‘ड्रग झार’ म्हणतात. पदाचे अधिकृत नाव ते नव्हे. विल्यम बेनेट हे पहिले संचालक. गंमत म्हणजे ‘झार’ म्हणवणाऱ्या या अधिकाऱ्याचे मुख्य काम निरनिराळ्या खात्यांत समन्वय साधण्याचे. छापे घालणारी यंत्रणा न्याय खात्याकडे असते.

‘झार’ म्हणजे मुळात रशियाचा सम्राट; अमेरिकेत हा शब्द आधी शिवीच होता. १८९० मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहात विरोधी सदस्य सभागृहात बसून राहत, पण हजेरीला ‘ओ’ देत नसत, म्हणजे गणसंख्या (कोरम) भरू नये. सभापती थॉमस रीड यांनी त्यांना सरळ ‘हजर’ मांडायला सुरुवात केली आणि ‘झार रीड’ हे नाव पदरात पाडून घेतले. पुढे सामना-निश्चितीच्या प्रकरणाने बेसबॉलची अब्रू गेली, तेव्हा १९२० मध्ये न्यायाधीश लँडिस यांना सर्वाधिकार देऊन आणले गेले. त्यांनाही ‘झार’च म्हणत, पण त्यात आता घडी बसवायला आणलेला खमक्या माणूस हा अर्थ होता. आजचा वापर याच वळणाचा.

ओळखायचे कसे? झारच्या आधीचा शब्द पाहावा. सीमा, ऊर्जा, साथरोग असा सरकारी धोरणाचा विषय असेल, तर नेमणुकीवरचा अधिकारी समजावा. तेल, जहाजे, चित्रपट असा धंदा असेल तिथे बहुधा मॅग्नेट, टायकून, मोगल येतात आणि ते मालक असतात. ‘ड्रग’ धंदाही आहे आणि सरकारी डोकेदुखीही, म्हणून घोटाळा नेमका तिथेच होतो. मथळ्यात जागा कमी असेल तर ‘अमली पदार्थविरोधी प्रमुख’ एवढे पुरते.

‘बॅरन’लाही सम्राट म्हणताना जपायला हवे. ब्रिटनमधले ‘प्रेस बॅरन’, म्हणजे वृत्तपत्रमालक, नॉर्थक्लिफ आणि बीव्हरब्रुक यांना बॅरन हा सरदारकीचा किताब खरोखरच मिळाला होता, त्यामुळे त्या शब्दाला टोमण्याची धार आहे. ‘रॉबर बॅरन’ तर उघड आरोप आहे. एकोणिसाव्या शतकातल्या जे गूल्डसारख्या अमेरिकी रेल्वेमालकांना तो चिकटला. त्याचे भाषांतर ‘उद्योगसम्राट’ केले, तर शिवीची शाबासकी होते. ‘लुटारू भांडवलदार’ म्हणायला काय हरकत आहे?

‘टायकून’चा प्रवास मजेशीर आहे. मूळ जपानी किताब, परदेशी वकिलातींशी व्यवहार करताना शोगुनसाठी, म्हणजे जपानच्या लष्करी शासकासाठी, वापरला जाणारा. लिंकनचा सचिव जॉन हे (‘हे’ हे त्याचे आडनाव) आपल्या अध्यक्षांना खासगीत ‘टायकून’ म्हणे. धनाढ्य उद्योगपती हा अर्थ पहिल्या महायुद्धानंतर रुळला. इथे ‘बडा उद्योगपती’ चालतो.

राहता राहिला ‘मँडरिन’. पोर्तुगीज आणि मलायमार्गे हा शब्द संस्कृत ‘मंत्रिन्’पर्यंत पोहोचतो, म्हणून ‘व्हाइटहॉल मँडरिन’ला मंत्री म्हणण्याचा मोह होईल. तो टाळावा. हे ब्रिटिश सचिवालयातले वरिष्ठ कायम अधिकारी. सरकार बदलले की मंत्री जातात, हे खुर्चीवर असतात.

आपला,
एक अनुवादक