आखाजीच्या आधीचे पत्र

तीर्थरूप नाना आणि आई यांस,

साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आईशी बोलणे झाल्यावर नानांनी फोन घेतला आणि इकडच्या-तिकडच्या चौकशीनंतर सहज बोलावे तसे म्हणाले, “आते मना अंदाजच चुकी ऱ्हायना.” नाना, तुमचे ते वाक्य अजून माझ्या कानांतून जात नाही. ज्या वर्षी मृगाच्या पहिल्या सरींवर आपण कापूस लावला, त्यानंतर तीन आठवडे आभाळ कोरडे राहिले आणि उगवलेले रोप डोळ्यांदेखत माना टाकून गेले, त्या वर्षापासून तुम्ही स्वतःलाच दोष देत आला आहात, हे मला ठाऊक आहे. दुबार पेरणीच्या बियाण्यासाठी आईने पाटल्या काढून दिल्या, तो दिवसही मी विसरलेले नाही. फोनवर या विषयाचे नीट बोलणे होत नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसले आहे. तुमचा अंदाज चुकलेला नाही. ज्या समुद्राच्या भरवशावर तो अंदाज पिढ्यान्‌पिढ्या बांधला गेला, तो समुद्रच आता पूर्वीचा राहिलेला नाही.

मी हैदराबादेत दिवसभर समुद्रातून आलेल्या आकड्यांसमोर बसते, हे तुम्हाला माहीत आहे. पण ते आकडे येतात कुठून, हे मी कधी सांगितले नाही. जगभरच्या महासागरांत माणसाच्या उंचीएवढी सुमारे ४,००० नळकांडी तरंगत सोडलेली आहेत. ती दर दहा दिवसांनी २,००० मीटर खोल उतरतात, वर येताना पाण्याचे तापमान आणि खारेपणा मोजतात आणि पृष्ठभागावर आली की ती नोंद उपग्रहाकडे पाठवतात. या आणि त्याआधीच्या नोंदींवरून दिसते ते असे की, धुरातल्या वायूंमुळे पृथ्वीवर जी जास्तीची उष्णता अडकून राहते, तिच्यातील ९० टक्क्यांहून अधिक उष्णता हवेत राहतच नाही, ती समुद्र पोटात घेतो. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा आपण हवेला बोल लावतो, पण खरा ताप पाण्याला चढला आहे.

आता आई म्हणेल की, पाणी एवढे तापले असेल तर ते उकळायला नको का? आई, तुझ्या अनुभवातलीच गोष्ट सांगते. माघातल्या पहाटे तू विहिरीवर जातेस, तेव्हा हवा बोचरी असते, पण विहिरीचे पाणी हाताला कोमट लागते. मे महिन्यात गोठ्याचा पत्रा दुपारी हात लावू देत नाही आणि रात्री लगेच गार पडतो. विहिरीचे पाणी मात्र तितके तापतही नाही आणि तितके निवतही नाही. पाणी उशिरा तापते, पण एकदा घेतलेली उष्णता सहजी सोडत नाही. पृथ्वीभोवतीच्या सगळ्या वातावरणात जितकी उष्णता मावते, तितकी समुद्राच्या वरच्या जेमतेम दीड पुरुष खोलीच्या थरात मावते. त्यामुळे समुद्र एका अंशाने तापला, हे ऐकायला थोडे वाटले तरी त्यामागची उष्णता अफाट असते. आणि आपला हिंदी महासागर नेमका तेवढाच तापला आहे. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९५१ ते २०१५ या काळात त्याच्या उष्णकटिबंधातील भागाचे पृष्ठतापमान सुमारे १ अंश सेल्सियसने वाढले. त्याच काळात जगातल्या समुद्रांची सरासरी वाढ ०.७ अंश होती.

याचा आपल्या शिवाराशी संबंध काय, हे सांगण्यासाठी आपला पाऊस कुठून येतो तेथून सुरुवात करायला हवी. आपल्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर आणि पश्चिमेला सह्याद्री. अरबी समुद्रावरून येणारे ढग कोकणात आणि घाटमाथ्यावर बहुतेक रिकामे होतात; उरलेले थोडे बाष्प तापीच्या खोऱ्यातून आत शिरते. आपल्याकडे जी झड लागते, विहिरींना पाझर फुटतात आणि हतनूर धरणाचे दरवाजे उघडावे लागतात, ती बहुधा बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होऊन तो मध्य भारतावरून पश्चिमेकडे सरकतो तेव्हाच. म्हणजे समुद्राचे तोंडही न पाहिलेले आपले गाव एकाच वेळी दोन समुद्रांच्या दारात उभे आहे.

आता या पावसाच्या मुळाशी असलेली गोष्ट. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा खूप जास्त तापते, जमिनीवरची हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरचे ओले वारे धावत येतात. हे वारे जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातील फरकावर चालतात. समुद्रच तापू लागला की तो फरक घटतो, वाऱ्यांचा जोर ढिला पडतो आणि पावसात खंड पडू लागतात. पण गोष्ट इथेच थांबत नाही, आणि नाना, तुमच्या मोजमापाचा घोळ नेमका इथे झाला आहे. तापलेल्या समुद्रावरून बाष्प अधिक उठते आणि हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. मग वारे कमजोर असतानाही हवेत पाण्याचा साठा मोठा असतो, तो दिवसेंदिवस वरच्या वर राहतो आणि जोर मिळाला की एका रात्रीत खाली कोसळतो. त्याच अहवालात दोन्ही आकडे शेजारी-शेजारी आहेत: १९५१ ते २०१५ या काळात देशाचा पावसाळी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला, आणि मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडण्याचे प्रसंग १९५० नंतर सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले. आपल्याकडे वर्षभराचा पाऊस सहाशे-सातशे मिलिमीटर. त्यातला पाचवा हिस्सा एका रात्रीत पडला, तर तुमच्या पावसाच्या वहीतली बेरीज बरोबर येते, पण माती वाहून जाते आणि कापसाच्या मुळाशी ओल राहत नाही.

३१ ऑगस्ट २०२१ रोजी चाळीसगावात काय झाले ते तुम्ही पाहिलेच आहे. तितूर आणि डोंगरी या एरवी पायाने ओलांडता येणाऱ्या नद्या एका रात्रीत बाजारपेठेत शिरल्या, कन्नड घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला. आणि दोनच वर्षांनी, २०२३ मध्ये, त्याच चाळीसगाव तालुक्याचे नाव सिंदखेडा आणि नंदुरबार यांच्यासोबत दुष्काळी तालुक्यांच्या यादीत आले. ते आत्याचे सासर असल्यामुळे मला हे जास्त लागले असेल, पण पूर आणि दुष्काळ इतक्या लवकर एकाच घराच्या वाट्याला यावेत, ही गोष्ट मला आजही सहन होत नाही.

२०२३ चा तो कोरडा ऑगस्ट संपूर्ण देशाचा १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि त्याचे एक मोठे कारण आपल्यापासून हजारो कोस दूर, प्रशांत महासागरात होते. तेथे विषुववृत्तावरचे वारे एरवी कोमट पाणी पश्चिमेकडे, इंडोनेशियाच्या बाजूला, ढकलत राहतात. काही वर्षी ते वारे मंदावतात, कोमट पाणी उलट दक्षिण अमेरिकेकडे पसरते, ढग आणि पाऊसही तिकडे सरकतात आणि आपल्या बाजूची हवा वर चढण्याऐवजी खाली दबू लागते. त्यालाच एल निनो म्हणतात. पेरूच्या कोळ्यांना हे कोमट पाणी नाताळच्या सुमारास दिसे, म्हणून त्यांनी त्याला बाळ येशूचे नाव दिले. १९०४ पासून वीस वर्षे हिंदुस्थानच्या वेधशाळांचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर मान्सूनचा अंदाज शोधता शोधता जगभरच्या नोंदी चाळत होते आणि प्रशांत महासागरावरच्या हवेच्या दाबाचा आपल्या पावसाशी संबंध आहे, हे त्यांनी आकड्यांवरून दाखवले. त्या काळी उपग्रह नव्हते, नळकांडी नव्हती. त्यांच्याजवळ होत्या तुमच्यासारख्या माणसांनी रोज नेमाने लिहिलेल्या वह्या.

आपल्या स्वतःच्या महासागरातही असाच झोका चालतो. कधी आफ्रिकेकडचे पाणी तापते आणि सुमात्राकडचे निवते, तेव्हा आपल्या पावसाला सहसा बळ मिळते. १९९७ मध्ये प्रशांत महासागरात मोठा एल निनो असूनही आपल्याकडे दुष्काळ पडला नाही, त्यामागे हाच झोका होता. २०१९ मध्ये तो इतका जोराचा होता की परतीचा पाऊस दिवाळीपर्यंत गेला नाही. अरबी समुद्रात एकामागून एक चक्रीवादळे उठत होती आणि वेचणीला आलेला कापूस बोंडातच भिजला. आई, तू तो ओला कापूस ओसरीत, माजघरात, अगदी देवघराच्या उंबऱ्यापर्यंत पसरला होतास आणि रात्री उठून हाताने उलटवत होतीस. सरकीला फुटलेले हिरवे कोंब तू मला तळहातावर दाखवले होतेस. अरबी समुद्र पूर्वी वादळांच्या बाबतीत बंगालच्या उपसागरापेक्षा पुष्कळ शांत होता. तो तापल्यामुळे तिथली वादळे वाढत आहेत, आणि त्यांचा वारा आडव्या झालेल्या केळीच्या बागेच्या रूपाने आपल्यापर्यंत पोहोचू शकतो.

समुद्राची पातळी वाढण्याची गोष्ट मात्र आपल्याला परकी वाटते. ती परकी नाही, कारण आपली तापी मुलताईहून निघून, आपल्या घाटावरून जाऊन, शेवटी सुरतेपाशी समुद्राला मिळते, आणि तिच्या मागोमाग अर्धा खान्देश पोटापाण्यासाठी सुरतेला गेला आहे. आंघोळीचा बंब काठोकाठ भरला तर पाणी उकळण्याच्या किती तरी आधी काठावरून ओघळू लागते, कारण तापलेले पाणी फुगते. समुद्राचेही तेच होते. गेल्या पन्नास वर्षांत पातळी जितकी वाढली, तिच्यातील जवळजवळ निम्मी वाढ पाणी नुसते फुगल्यामुळे झाली आहे. उरलेली बरीचशी बर्फ वितळल्यामुळे. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्र सरासरी २० सेंटिमीटर चढला. उत्तर हिंदी महासागरात १९९३ ते २०१७ या काळात चढण्याचा वेग वर्षाला ३.३ मिलिमीटर होता. वीतभर पाण्याने काय होते, असे सुरतेचे मामाही म्हणाले होते. पण ऑगस्ट २००६ मध्ये त्यांच्या घरात छातीएवढे पाणी आले, तेव्हा वरून तापीचा लोंढा येत होता आणि समोरून समुद्राची भरती होती. नदीला आपले पाणी समुद्रात टाकायचे असते, आणि समुद्र जितका उंच, तितके तिचे पाणी मागे तुंबते. मामांनी घर बदलण्याचे मनावर घेतले, तर आई, तू त्यांना अडवू नकोस, ही माझी विनंती आहे.

नाना, आता तुमच्याकडे एक मागणे आहे. येत्या मृगात पहिल्या सरीवर पेरू नका, आणि कोरड्या मातीत धूळपेरणी तर अजिबात करू नका. तापलेल्या समुद्रामुळे सुरुवातीचा पाऊस आता भरवशाचा राहिलेला नाही. वळवाची जोरदार सरही मान्सूनसारखी वाटते आणि फसवते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून जमीन वीतभर खोल ओली झाल्याशिवाय बियाणे मातीत टाकू नये, असे कृषी विभागही दरवर्षी सांगतो. शेजारच्यांची तिफण आधी चालली म्हणून मन डळमळेल, हे मला कळते, तरीही थांबा. केळीच्या बागेला पश्चिमेच्या बांधावर शेवरीची दाट ओळ या वर्षी लावून घ्या, आणि वरच्या वावरात उताराला आडवे सरी-वरंबे काढा, म्हणजे एका रात्रीचा पाऊस निदान निम्मा तरी शेतात थांबेल. मजुरीचे पैसे मी पाठवते आहे. ते घेताना संकोच करू नका.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मी घरी येते आहे. लहानपणी तुम्ही घागरीखाली मातीची चार ढेकळे मांडायचा, ज्येष्ठ, आषाढ, श्रावण आणि भाद्रपद, आणि दुसऱ्या दिवशी कोणते ढेकूळ किती भिजले ते मला वाकून पाहायला सांगायचा. ती या वर्षीही मांडा. मला ती पाहायची आहेत. त्याच्या आधी एक पार्सल येईल, त्यात पर्जन्यमापक आहे. ते कडुनिंबाच्या जवळ लावू नका, खळ्याच्या मोकळ्या कोपऱ्यात, झाडापासून आणि भिंतीपासून दूर लावा. रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातले पाणी मोजायचे असते. तुमची पावसाची जुनी वही माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आहे. ती काढून ठेवा, तिच्यातली पाने अजून कोरी आहेत. आकडा नानांनी वाचावा आणि आईने लिहावा, तिचे अक्षर वळणदार आहे.

तुमची लेक