डावखुऱ्या दोस्ताशी भांडण

म्हापसा,
२४ जुलै २०२५

प्रिय बाळ्या,

'अलीच्या जमान्यात तुझा उसिक चार फेऱ्या टिकला नसता.' रविवारी सकाळी एवढीच एक ओळ पाठवून तू पुण्यात मोकळा झालास. मी मात्र चार दिवस मनातल्या मनात तुझ्याशी भांडतोय: बॉक्सिंगमध्ये तुझा जुना मुहम्मद अली मोठा की माझा युक्रेनचा हेवीवेट उसिक? काल बाजारात सुके बांगडे घेतानासुद्धा तेच चाललं होतं (मासेमारीची बंदी उठायला अजून आठवडा आहे, काय करणार). शेवटी बायको म्हणाली, "एकदाचं लिहून टाका त्यांना." म्हणून हा कागद.

उसिक आणि ब्रिटनचा दुबुआ यांची लढत मी पाहिली ती अशी: रात्रीचे दोन वाजून गेलेले, पाऊस कौलं फोडतोय, वीज गेलेली, उशीवर फोन आणि त्यात अठरा टक्के बॅटरी. तिकडे लंडनचं वेम्बली स्टेडियम माणसांनी ठासून भरलेलं. पाचव्या फेरीत दुबुआ एकदा पडला, उठला, आणि मग तो डावा हूक बसला. त्या ठोशाला उसिकने नाव ठेवलंय, 'इव्हान'. आपल्याकडे धिरयोच्या, म्हणजे झुंजीच्या, बैलांना ठेवायचे तसं. दुबुआ पुन्हा उठला नाही. फोन मात्र टिकला.

आता तुझा अली. दोघांचाही जन्म १७ जानेवारीचा, अली १९४२चा आणि उसिक १९८७चा. दोघेही सहा फूट तीन इंच. ऑक्टोबर १९८०मध्ये लॅरी होम्ससमोर उभा राहिला तेव्हा अली अडतीस वर्षांचा होता. दहाव्या फेरीनंतर त्याच्याच कोपऱ्यातल्या माणसांनी लढत थांबवली. उसिकही आज अडतीसचाच, आणि त्याने सत्तावीस वर्षांच्या पोराला झोपवलं. हे लिहिताना मला थोडी लाज वाटतेय, कारण ही तुलना न्यायाची नाही. होम्सची लढत ही अलीची साठावी. त्याच्या अंगावर फ्रेझर, फोरमन, नॉर्टन यांचे ठोसे जमा झालेले. उसिकच्या व्यावसायिक लढती अवघ्या चोवीस. चोवीसही जिंकल्या हे खरं, पण झीज वेगळीच.

माझं म्हणणं दुसरंच आहे. 'जुने हेवीवेट' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर राक्षस येतात. प्रत्यक्षात मार्सियानो पंच्याऐंशी किलोंच्या आसपास. फ्रेझर १९७१मध्ये त्र्याण्णव. किन्शासात १९७४ला अली अठ्ठ्याण्णव आणि ज्याला आपण डोंगर म्हणायचो तो फोरमन शंभर. म्हणजे फरक दोन किलोंचा! गेल्या डिसेंबरात रियाधला उसिक आणि ब्रिटनचा आडदांड फ्युरी काट्यावर चढले, तेव्हा फरक जवळजवळ पंचवीस किलोंचा होता. आपल्या उकड्या तांदळाची आख्खी गोण. बारा फेऱ्या ती गोण मानेवर रेलत असताना हा माणूस तिन्ही पंचांकडून ११६-११२ असे गुण घेऊन जिंकून उतरला. त्याआधी मे महिन्यातली पहिली लढत निसटती होती, एका पंचाने फ्युरीलाच दिली होती. पण नवव्या फेरीत फ्युरी दोरांवर लटकत होता, तो माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

आजोबा आपल्याला धिरयोला न्यायचे ते आठवतं? कोर्टाने १९९६ला बंदी घातली त्याआधीचं. बोडक्या शेतात तो भलामोठा काळा बैल, आणि समोर तांबूस, हाडकुळा. सगळे पैसे काळ्यावर. तांबूस शिंगाला शिंग भिडवायचाच नाही नीट, मान जरा वळवायचा, पाय बाजूला टाकायचा, काळ्याचं वजन काळ्यालाच ओढायचं. उसिक पाहताना मला तो तांबूस दिसतो.

आणि हे तुला कळत नाही याचं आश्चर्य वाटतं, कारण तू स्वतः डावखुरा! शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझं नाक फोडलंस ते विसरलास? घामाने कुजलेले ग्लोव्हज, तुझा उजवा पाय माझ्या डाव्या पायाच्या बाहेर, मी घाबरून उजवीकडे सरकतो आणि थेट तुझ्या डाव्या हातात जातो. शर्टभर रक्त. आवयने तो शर्ट पुढे पायपुसणं केला. उसिक अजून हेच करतो, फक्त बारा फेऱ्या न दमता. जुन्यांना याची सवय कुठे होती? हेवीवेटचा पहिला डावखुरा विजेता मायकेल मूरर, तोही १९९४ला. अलीसमोर १९६६ला फ्रँकफर्टमध्ये मिल्डेनबर्गर हा डावखुरा आला, तर ऐन भरातल्या अलीलाही त्याचं कोडं सोडवायला बारावी फेरी उजाडली. मिल्डेनबर्गरच्या जागी उसिक असता तर?

तरी मी त्या अलीलाच वर ठेवतो, सैन्यात जायला नकार दिला म्हणून बंदी आली त्याआधीच्या, १९६६-६७च्या. जुन्यांतल्या 'जो लुई'लाही. पंचवीस वेळा जगज्जेतेपदाचा पट्टा राखणं ही चेष्टा नव्हे. तुझ्या भिंतीवरचा टायसन? पहिल्या चार फेऱ्या मी डोळे झाकून बसेन. पाचवीपासून तू झाक. टोकियोत १९९०ला डग्लसच्या लांब जॅबपुढे (पुढच्या हाताच्या सरळ ठोशापुढे) त्याचं काय झालं ते आपण दोघांनी जुन्या कॅसेटवर पाहिलंय.

खरी जोडी होलीफील्डशी. तोही उसिकसारखाच खालच्या वजनगटाचे, क्रूझरवेटचे, सगळे पट्टे घेऊन वर हेवीवेटमध्ये आला, १९८८ला तिकडे आणि १९९०ला इकडे. पण रिडिक बो याच्यासारख्या धिप्पाड माणसासमोर तो मर्दानगी दाखवत उभा राहायचा, मारायचा तेवढंच खायचा. तीन लढतींत दोन हरला. उसिकला असली मर्दानगी परवडत नाही, आणि ते त्याला माहीत आहे. मला तो त्याचमुळे आवडतो. पंधरा फेऱ्यांचा जमाना असता तर म्हणतोस? त्याच्या शेवटच्या फेऱ्या पाहा, मग बोल.

चवथ २७ ऑगस्टला आहे. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला हात कमी पडताहेत, दोन दिवस आधी ये. नेवऱ्या घरच्याच. ग्लोव्हज माळ्यावर अजून आहेत, एकाची शिवण उसवलीय, ती मी शिवून ठेवतो. या खेपेला मी डावीकडे सरकणार आहे.

तुझा,
शाणू